उपास सोडले तो हिवाळा

संत्र्याच्या फुलांचा वास सुरुवातीला नुसता गोड वाटतो. मग तो घरात राहायलाच येतो. उशीच्या खोळीला लागतो, माठातल्या पाण्याला लागतो, फोडणीत लसूण टाकला तरी हटत नाही. यंदा आंबिया बहार असा फुटला आहे, की सकाळी दार उघडलं की उजेडाच्या आधी मधमाश्यांचा आवाज आत येतो. आमचे हे ओट्यावर बसून म्हणतात, "झाडं पांढरी झाली वो, पानं दिसून नाही राहिली." चाळीस वर्षं झाली, फेब्रुवारी आला की हे असंच म्हणतात, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहतायत. मीही उठून बाहेर जाते आणि पहिल्यांदाच आल्यासारखी बघत उभी राहते.

आणि मग मला तो एक हिवाळा आठवतो. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपासचा. त्या हिवाळ्यात मी जेवायला शिकले.

मी मूळची पांढुर्ण्याची. वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. शाळा हिंदी, घर मराठी, आणि या दोन्हींच्या मध्ये खो-खोचं मैदान. अंगानं काडी, पण धावायला लागले की मास्तरीणबाईंची शिट्टी मागे राहायची. पाळी मला उशिरा आली, सगळ्या मैत्रिणींना आल्यावर, आणि आली तरी तिच्या मनाला येईल तेव्हा. कधी तीन महिन्यांनी, कधी चार. आई म्हणायची, "बरंच आहे, कटकट नाही." मैत्रिणी हेवा करायच्या. लग्नं, सणवार, मंगळागौर, कुठेच मला बाजूला बसावं लागत नसे. यात शरीर काही सांगत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. विज्ञानाच्या पुस्तकात आम्हाला फुलाचे भाग होते, बेडकाचं पोट होतं. बाईचं पोट नव्हतं.

लग्न होऊन रामाकोन्याला आले. गावाबाहेर संत्र्याचा बगीचा, बगीच्यात विहीर, विहिरीजवळ घर. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी कमी बोलत. आत्याबाई ठेंगण्या, चपळ, एका जागी बसल्या तरी हात चालू. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून जीव लावला हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना वाईट समजेल. त्या वाईट नव्हत्या. त्यांचा उपासांवर विश्वास होता, जसा मामाजींचा शेणखतावर.

वर्ष गेलं, दुसरं गेलं, पाळणा हलला नाही. आत्याबाईंनी शनिवार सुचवला, जामसांवलीच्या मारुतीचा. मग सोमवार आला. मग चतुर्थी. मग एकादशी. मग कुणीतरी सांगितलेला गुरुवार. माझा स्वभाव असा, की करायचं तर पुरतं. बायका उपासाला साबुदाण्याची उसळ, शिंगाड्याचा शिरा खातात. मी निरंकार धरायची, पाणीसुद्धा नाही. खो-खोत पाठीला हात लागू न देणारी मुलगी उपासात कशी हरेल? बांगड्या कोपरापर्यंत सरकत, ब्लाउजला आतून टाके घालावे लागत, विहिरीवरून घागर आणताना डोळ्यांपुढे काजवे चमकत, आणि मला त्या सगळ्याचा अभिमान वाटे. गावात माझं नाव झालं होतं. "शालूसारखी सोशिक पोरगी नाही," बायका म्हणायच्या.

एकदा पाळी खूपच लांबली. चार महिने, पाच महिने, काहीच नाही. आत्याबाईंनी कुणाला काही न बोलता डिंक आणवला, खारका फोडल्या, लाडू वळायला घेतले. सौंसरला नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी पोट तपासलं आणि हात धुता धुता म्हणाल्या, "काहीच नाही." येताना बसमध्ये आत्याबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता. लाडू डब्यात राहिले. कुणी खाल्ले ते आठवत नाही. मी खाल्ले नाहीत एवढं नक्की, त्या दिवशी माझा उपास होता.

यांच्या मोठ्या बहिणीला सगळे बेबीताई म्हणत. त्यांना सावरगावला दिलेलं. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, चालते हे आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. माहेर पांढुर्णा असलेली मी आणि सासर सावरगाव असलेल्या बेबीताई, आमच्या दोघींत ती नदी कायमच होती. नेम त्यांचा चांगला होता.

त्या वर्षी दिवाळीला त्या आल्या. दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, मी आत पाटावरवंट्यावर खोबरं वाटत होते.

"माय, मी कोणाचं वाईट नाही बोलून राहिली," बेबीताई म्हणाल्या. "माह्या जावेची बहीण हाय. शांत पोरगी हाय. शालूले कोणी घरातून काढून नाही राहिलं. ही मोठी, ती लहान. दोघी राहतील."

आत्याबाईंची बोटं सुपात थांबली. मग त्या म्हणाल्या, "आंबिया फुटू दे. मंग पाहू."

आंबिया फुटू दे. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत. डिसेंबरात बगीच्याचं पाणी तोडतात, झाडांना ताण देतात, पानं मलूल होतात. मग पाणी सोडलं की काही दिवसांत झाड फुलांनी भरतं. तेवढी माझी मुदत.

मी वाटण तसंच ठेवून बाहेर आले. हाताला खोबरं लागलेलं. आवाज न चढवता म्हणाले, "ताई, ती आली आणि तिलाही लेकरू झालं नाही, तर? तिसरी आणाल? आधी बघा तर खरं, अडलंय कुठे. नागपूरला डॉक्टरीणबाई आहेत. मी जाते. हेही येतील."

"माह्या भावाले काय झालं?" बेबीताई उसळल्या.

हे दारात उभे होते. बगीच्यातून आले होते, हातात फावडं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला वाटलं आता हे गुमान मागे फिरतील. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "काही झालं नाही म्हून माहीत हाय का तुले? लेकरू दोघांचं, त दोघं जाऊ. त्यात काय." एवढंच बोलले. माझ्या संसाराचा पाया त्या दिवशी बसला असं मी आजही मानते; लग्नाच्या दिवशी नाही.

"मीबी येतो," आत्याबाई म्हणाल्या. "मले ऐकायचं हाय ती काय म्हणते."

तेव्हा आमच्याकडून नागपूरला छोटी लाईन जायची. डबे इवलेसे, समोरासमोरच्या बाकांवर गुडघे एकमेकांना लागत, आणि गाडी अशी रमतगमत चाले की शेतातल्या माणसाशी बोलणं पुरं करता यावं. सौंसरला एक बाई चढल्या, अंगानं भरलेल्या, काखेत छत्री, आवाज खणखणीत. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या आणि सगळ्यांपुढे धरल्या. मी मान हलवली, उपास. दुपारी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्याच बाई आमच्याआधी येऊन बसलेल्या. दोघी एकमेकींना पाहून हसलो. हसलो म्हणजे काय, ओळखलं. त्या कुसुमताई, सौंसरच्या शाळेत शिकवत. त्यांच्या लग्नाला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं झालेली, आणि पाळी त्यांचीही अशीच, महिनोन् महिने न येणारी.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, केस पांढरे, कपाळ रिकामं, बोलणं सरळ. यांना त्यांनी दोन-चार प्रश्न विचारून तपासणीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला तपासलं. मग समोर बसवून विचारलं, "काल दिवसभरात काय खाल्लंस?"

माझ्याऐवजी आत्याबाईच बोलल्या, आणि अभिमानानं बोलल्या. "लय सोशिक हाय बाई. आठवड्याचे चार दिवस उपास करते. पाणी नाही पीत. लेकरासाठी करून राहिली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत. आत्याबाईंना खुर्ची जवळ ओढून घ्यायला सांगितली आणि दोघींना एकत्र समजावलं. ते मी तेव्हापासून इतक्या जणींना सांगितलं आहे की आता त्यांचे शब्द कुठले आणि माझे कुठले, वेगळे करता येत नाहीत.

बाईच्या ओटीपोटात दोन्ही बाजूंना बदामासारखे दोन बीजकोश असतात. बहुतेक दर महिन्याला त्यांतलं एक बीज पिकतं आणि सुटतं. त्याला पुरुषाचं बीज भेटलं तर गर्भ. नाही भेटलं तर साधारण पंधरवड्यानं पाळी. म्हणजे पाळी ही नंतरची गोष्ट. खरी गोष्ट त्याच्या आधी, आतल्या आत, आवाज न करता होते. बीज पिकवण्याचा हुकूम डोक्यातून येतो. डोक्याला जर दिसलं की या बाईच्या अंगात तिच्यापुरतंही अन्न नाही, तर ते हुकूम देणं थांबवतं. हुकूम नाही तर बीज सुटत नाही. बीज नाही, तर मूल कुठून येणार?

"हिची पिशवी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "बीज सुटत नाहीये, असं मला वाटतं. मुळात हिची पाळी अनियमितच, त्यात उपासांनी पार थांबली. आधी हिला जेवू घाला. वजन वाढू द्या. मग गरज पडली तर गोळ्या देऊ. मूल होईलच असा शब्द मी देत नाही. पण दार बंद नाही."

आत्याबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे वांझ नाही?"

"तो शब्द मी वापरत नाही, आजी. त्या शब्दानं काहीच कळत नाही. काय अडलंय ते शोधायचं असतं."

गंमत म्हणजे कुसुमताईंना त्यांनी नेमकं उलट सांगितलं होतं. त्यांचीही बीजं सुटत नव्हती, पण कारण वेगळं. बीजकोश मोठे झालेले, आत बारीक बारीक गाठी, बीजं पिकायला लागायची आणि अर्ध्यावरच थांबायची. त्यांना सांगितलं, वजन कमी करा, तूप-साखर बंद. परतीच्या गाडीत कुसुमताईंनी उरलेल्या शेंगा आणि नवऱ्यानं बांधून दिलेला बेसनाचा लाडू माझ्या ओंजळीत ठेवला. "घे बाई. दुखणं एक आणि पथ्यं दोन. माझ्या वाट्याचं आता तूच खा." डब्यातली माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं आम्ही हसलो.

आत्याबाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर कापसाची वेचणीला आलेली शेतं जात होती. लोधीखेडा गेल्यावर त्या म्हणाल्या, "शालू, हे मी केलं का वो?"

"नाही आत्याबाई. माझं आधीपासूनच तसं होतं. त्या म्हणाल्या ना."

"उपासानं वाढलं म्हने."

"वाढलं."

"त मंग," त्या म्हणाल्या.

यांच्या तपासणीत काही दोष निघाला नाही. ते कळल्यावर मला वाईट वाटावं की बरं, हेच समजेना. त्यांनी मात्र बेबीताईंना त्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "दोघांचा इलाज सुरू हाय." ही लबाडी मला फार आवडली.

पुढच्या शनिवारी आत्याबाईंनी पहाटे उठून भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं, वर कांदा, तेल, तिखट. सगळं फडक्यात बांधलं आणि मला म्हणाल्या, "चाल, जामसांवलीले." मला वाटलं नवा नवस. मारुती तिथे आडवा, निजलेला. शनिवारची गर्दी होती. आत्याबाईंनी हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशा चढ्या आवाजात देवाशी बोलल्या.

"देवा, हिले उपास मी लावले. आता हिचे सारे उपास मी करतो. शनिवार, सोमवार, सारे. तुह्या हिशेबात कमी काही पडणार नाही. पण ही आजपासून जेवीन. कोपायचं असन त माह्यावर कोप."

मग पटांगणात एका झाडाखाली बसून त्यांनी फडकं सोडलं. "खा."

"आत्याबाई, शनिवार आहे. देवाच्या दारात..."

"दारातच खा. त्याले दिसलं पायजे."

लोक येत-जात होते. माझा घास तोंडापाशी जाऊन परत येत होता. सवय अशी झालेली की भूक लागली तरी ती भूक आहे हेच कळेना. आत्याबाईंनी माझं मनगट धरून घास तोंडात घातला. भरिताला चुलीचा धूर लागलेला, वरून कच्च्या तेलाची धार. इतकं चविष्ट अन्न मी पुन्हा कधी खाल्लं नाही. मी रडत होते आणि खात होते. त्या नुसत्या बघत होत्या. त्यांचा त्या दिवसापासून उपास होता.

मग तो हिवाळा सुरू झाला. सकाळी ज्वारीची भाकरी आणि लोणी. तुरीच्या ओल्या शेंगा मिठात उकडून. तिळाची वडी, गूळ-शेंगदाणे, दुपारी वरणावर तूप, बगीच्यात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे. पहिले आठवडे पोट दुखायचं, जड व्हायचं, जेवताना गुन्हा केल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस भर सकाळी विहिरीवर असताना मला कडकडून भूक लागली आणि मी घागर तिथेच ठेवून घरात पळाले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी काही न विचारता ताट वाढलं.

बगीच्यातल्या झाडांचं पाणी तेव्हाच तोडलं होतं. मामाजी एकदा जेवताना, कुणाकडे न बघता म्हणाले, "ताण मोजका द्या लागते. लय झाला त झाड फुलत नाही, वाळते." घरातल्या सगळ्यांना ते फार पटलं. पुढे गावातही ही उपमा फिरली. मला ती मनापासून कधीच आवडली नाही. झाडाला ताण द्यायचा की नाही हे माणूस ठरवतो, झाडाला कुणी विचारत नाही. मला मात्र तोंड होतं, डोकं होतं, आणि आता आत काय चालतं हे माहीत होतं. माझ्या शरीरानं संप केला नव्हता, त्यानं शहाणपणा केला होता. असल्या उपाशी अंगात आणखी एक जीव आणून काय करायचं, असं त्याला वाटलं, तर त्याचं काय चुकलं?

संक्रांतीच्या सुमारास पाळी आली. आपली आपण, गोळीबिळी न घेता. आत्याबाईंना सांगितलं तर त्या उठल्या आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पाळी आल्याबद्दल सासूनं सुनेचं तोंड गोड केल्याचं आमच्या पंचक्रोशीत दुसरं उदाहरण नसेल.

आणि मग आंबिया फुटला. घर वासानं भरलं, आणि त्या वासात बेबीताई उत्तर मागायला आल्या. "माय, आंबिया फुटला."

"फुटला न," आत्याबाई म्हणाल्या. "पण फूल आलं म्हंजे फळ आलं का वो? अजून वेळ हाय. अन् त्या पोरीसाठी दुसरं घर पाहा. आमच्या घरात सून हाय."

बेबीताई चहा न घेता निघाल्या होत्या. मी कप घेऊन फाटकापर्यंत मागे गेले. त्यांनी उभ्या उभ्या घेतला. त्यांचाही जीव भावासाठी तुटत होता हे मला त्या वेळी प्रथमच दिसलं.

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी जिभेखाली थर्मामीटर धर. बीज सुटल्यावर अंगाची ऊब किंचित वाढते. हे खिडकीपाशी थर्मामीटर तिरपं करून पारा शोधत बसायचे. मामाजींना वाटलं मला रोज ताप येतो. त्यांनी मला बगीच्यात पाय टाकायची बंदी केली, आणि खरं कारण त्यांना सांगायचं कुणी, म्हणून ती बंदी मी महिनाभर पाळली. एक थर्मामीटर फुटलं. सारवलेल्या भुईवर पाऱ्याचे मणी पळाले आणि ऊब वाढली की नाही ते त्या दिवशी कळलंच नाही.

आधी पाळी येत नव्हती, म्हणून निराशाही क्वचित यायची. आता ती दर महिन्याला, वेळेवर येऊ लागली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कळणं म्हणजे सुख नव्हे. पण न कळण्याच्या काळोखात परत जाऊ का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. डॉक्टरीणबाईंनी बीज पिकवण्याच्या गोळ्या सुरू केल्या. कुसुमताईंनाही त्याच. महिन्या-दोन महिन्यांनी छोट्या गाडीत आमची भेट ठरलेली; मी रामाकोन्याला चढायची, त्या सौंसरला. त्यांचं वजन उतरलं होतं, पाळी थोडी सुधारली होती, बाकी काही होत नव्हतं. एकदा परतताना त्या म्हणाल्या, "शालू, मी आता थांबते."

"म्हणजे?"

"त्या म्हणतात, ऑपरेशन करून बघू. गुण येईल, न येईल. मी आणि आमचे हे, दोघं बोललो. आता नाही. इतकी वर्षं प्रत्येक महिना परीक्षेसारखा गेला. मला आता साधे महिने पाहिजेत." खिडकीबाहेर बघत त्या हे बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू थांबू नको हं. तुझं वेगळं आहे. आणि मला बिचारी म्हणायचं नाही."

मी त्यांना कधीच बिचारी म्हटलं नाही. आज गावातल्या मुली माझ्याकडे येतात, मोबाईलवर पाळीची तारीख दाखवतात, पीसीओडी म्हणून सहज सांगतात. मी त्यांना दोघींची गोष्ट सांगते, नुसती माझी नाही. पाळी महिनोन् महिने येत नसेल तर गप्प बसू नका, दाखवा. कारण प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून शेजारणीचा इलाज घेऊ नका. नवऱ्याला सोबत न्या. आणि सगळं केल्यावरही मूल झालं नाही, तर तुम्ही तेवढ्याच पुऱ्या असता. हे शेवटचं मी कुसुमताईंकडून शिकले.

दुसऱ्या वर्षीच्या बहारात पाळी चुकली. या वेळी आत्याबाईंनी डिंक आणवला नाही. नागपूरहून खात्री करून आलो, तेव्हाही त्या फक्त म्हणाल्या, "जेवली का?" आणि चुलीकडे वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं की त्या रडतायत. उपास मात्र त्यांनी मूल जन्मेपर्यंत सोडले नाहीत. मुलगी पांढुर्ण्याला, माझ्या माहेरी झाली. त्या दिवशी आत्याबाई माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि विहिणीनं वाढलेलं सगळं, परत परत मागून, जेवल्या.

बारसं तिथेच झालं. नदीपलीकडून बेबीताई आल्या, नटूनथटून, चांदीचे वाळे घेऊन. बाळाला पाळण्यात घालून कान फुंकायचा मान आत्याचा, म्हणजे त्यांचाच. सौंसरहून कुसुमताई आल्या होत्या. आल्यापासून त्या बायकांच्या मागे, दाराच्या चौकटीपाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं; त्यांना सवयच होती. शेजारच्या एक काकू मात्र माझ्या आईच्या कानाशी लागल्या आणि आईनं पाळण्याच्या दोऱ्या उगाच नीट केल्या.

आत्याबाईंनी ते पाहिलं. माझ्या मांडीवरून त्यांनी बाळाला उचललं, बायकांमधून वाट काढत दारापर्यंत गेल्या आणि कुसुमताईंपुढे बाळ धरलं. "घ्या बाई. पाळण्यात तुम्ही टाका."

कुसुमताई मागे सरकल्या. "मी नको, आजी. बायकांना आवडणार नाही."

"कोन्या बायका?" आत्याबाईंनी वळून सगळीकडे पाहिलं. "माही नात हाय. मी सांगून राहिली न."

मी बेबीताईंकडे बघत होते. मान त्यांचा जात होता. त्यांनी पदर खोचला आणि चटईवर जरा बाजूला सरकल्या. "या न बाई, उभ्या काहून? इकडून धरा. मी या बाजूनं धरतो. नाव दोघी मिळून सांगू."

कुसुमताई आल्या. बाळाला घेताना त्यांचे हात अवघडले, मग स्थिर झाले. दोघी पाळण्यावर वाकल्या. बेबीताईंनी कानात कुजबुजल्यासारखं केलं. कुसुमताईंना मात्र कुजबुजणं आयुष्यात जमलं नव्हतं, वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी नाव घेतलं, "वैशाली!"

बाळ दचकून जागं झालं, मुठी आवळल्या आणि घर डोक्यावर घेईल असं रडू लागलं. बायका हसत हसत धावल्या. कुसुमताईंनी हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं.

"रडू द्या," त्या म्हणाल्या. "आवाज चांगला आहे तिचा."